'जपानचं ग्रॅमी' म्हणजे नेमकं कुठलं?

नाशिकहून एका आईंनी विचारलंय: "माझी मुलगी अकरावीत आहे. ॲनिमे बघता बघता जपानी गाण्यांचं वेड लागलं. मिसेस ग्रीन ॲपल या बँडला २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ दोनदा जपान रेकॉर्ड अवॉर्ड मिळालं, तेव्हा तिने घरात पेढे वाटले. हे जपानचं ग्रॅमी का? आणि ती म्हणते की व्हिडिओचे पुरस्कार वेगळे असतात आणि तेच खरे. ताई, यातलं खरं काय?"

पेढे वाटले ते बरंच केलं. मी मूळची पुण्याची, जपानीही तिथेच शिकले आणि गेली अठरा वर्षं तोक्योत म्युझिक व्हिडिओंचं एडिटिंग करते. पुरस्कारांच्या प्रवेशिका भरल्यात, सोहळ्यांना मागच्या रांगेत बसलेय, आणि आपला व्हिडिओ पडल्यावर शेजारच्याला हसून टाळ्या वाजवायचीही सवय झालीय. जपानमध्ये अमक्या गाण्याला बक्षीस मिळालं असं कानावर आलं की आमच्या धंद्यातला माणूस आधी विचारतो, "देतंय कोण?" संगीतकारांची संघटना, रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, टीव्ही वाहिनी की दुकानातले विक्रेते? प्रत्येकाचा तराजू वेगळा. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कार आणि फिल्मफेअर यांत कोणी गल्लत करत नाही, तसंच हे आहे.

तर तुमच्या मुलीच्या बँडला मिळालेला पुरस्कार. त्याला इथे लाडाने 'रेकोदाइ' म्हणतात. 'रेकोर्दो तायशो' या पूर्ण नावाचं हे तोकडं रूप; 'तायशो' म्हणजे सर्वोच्च बक्षीस. अमेरिकेत ग्रॅमीचा पहिला सोहळा १९५९च्या मे महिन्यात झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात तोक्योच्या बुन्क्यो सभागृहात पहिला रेकोदाइ. नमुना ग्रॅमीचाच होता, म्हणून 'जपानचं ग्रॅमी' म्हणणं अगदीच चूक नाही. पुढाकार मात्र संगीतकारांचा. मासाओ कोगा, र्योइची हात्तोरी ही त्या काळातली दिग्गज मंडळी यात होती आणि जपानी संगीतकारांची संघटना त्यामागे उभी राहिली. त्यामुळे एक गोष्ट पहिल्यापासून ठरलेली आहे: तायशो गाण्याला मिळतो. गायक पुढे येऊन रडतो, कॅमेरा त्याच्यावर असतो, पण बक्षीस रचनेचं. शब्द, चाल आणि वाद्यवृंदाची मांडणी करणाऱ्यांचीही स्वतंत्र बक्षिसं असतात.

पहिलं तायशो 'कुरोई हानाबिरा' म्हणजे 'काळी पाकळी' या गाण्याला मिळालं. गायक हिरोशी मिझुहारा, त्याचं हे पहिलंच गाणं. संगीत हाचिदाइ नाकामुरा, शब्द रोकुसुके एइ. गदिमा आणि बाबूजी म्हटलं की आपल्याला पुढचं काही सांगावं लागत नाही, तशी त्या काळात इथे एइ-नाकामुरा ही जोडी. याच दोघांनी १९६१ मध्ये क्यु साकामोतोसाठी एक गाणं केलं, 'मान वर करून चालू या' अशा अर्थाचं. डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून मान वर. अमेरिकेत ते १९६३च्या जूनमध्ये बिलबोर्डच्या यादीत सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तिथे त्याचं नाव ठेवलं 'सुकियाकी'. सुकियाकी हा गोमांसाचा रस्सा. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. 'ने मजसी ने' परदेशात 'पावभाजी' या नावाने गाजावं, असला प्रकार.

आता गंमत बघा. १९६१चं तायशो या गाण्याला मिळालं नाही. ते गेलं फ्रँक नागाईच्या 'किमी कोइशी'ला, आणि ते होतं १९२०च्या दशकातल्या एका जुन्या गाण्याचं नवं रूप. एइ-नाकामुरा जोडीला दुसरं तायशो १९६३ मध्ये मिळालं, मिचियो आझुसाने गायलेल्या 'कोन्निचिवा आकाचान'साठी. 'नमस्कार, बाळा' असं एका आईने तान्ह्या बाळाला म्हणायचं गाणं. नाकामुराच्या घरी पहिलं मूल झालं त्यावरून ते सुचलं. म्हणजे जगभर सर्वाधिक गुणगुणलं गेलेलं जपानी गाणं जपानच्या सर्वांत मानाच्या यादीत नाही, आणि ज्यांनी ते केलं त्यांची नावं त्याच यादीत दोनदा. बक्षीस हुकल्यावर कोणी हळहळायला लागलं की मी ही गोष्ट सांगते. अठरा वर्षांत बऱ्याचदा सांगून झालीय, बहुतेक वेळा स्वतःलाच.

रेकोदाइ घराघरांत पोचला तो तारखेमुळे. १९६९पासून तो ३१ डिसेंबरला, सम्राटाच्या राजवाड्यासमोरच्या तेइकोकु नाट्यगृहातून थेट टीव्हीवर येऊ लागला. ३१ डिसेंबर हा इथला मोठा सण, ओमिसोका. घर झाडून-पुसून स्वच्छ, रात्री सोबा नूडल्स आणि सगळं कुटुंब टीव्हीसमोर. रात्री नऊला एनएचके या सरकारी म्हणाव्या अशा वाहिनीवर 'कोओहाकु उता गास्सेन', म्हणजे गायिकांचा लाल संघ विरुद्ध गायकांचा पांढरा संघ असा १९५१पासून चालत आलेला गाण्यांचा सामना. त्याआधी सात ते नऊ टीबीएस या खासगी वाहिनीवर रेकोदाइ. गायक तेच. पुढे कोओहाकु शिबुयाच्या एनएचके सभागृहात गेला, तेव्हा एका नाट्यगृहात बक्षीस घ्यायचं, रडायचं, आणि मेकअप पुसला-न पुसला तोच गाडीत बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला पळायचं. ती धावपळ हाच लोकांच्या करमणुकीचा भाग झाला होता. १९७७ साली केंजी सावादाच्या 'कात्ते नि शियागारे'ला ('कर तुला हवं ते') तायशो मिळालं, तेव्हा तोक्यो परिसरात टीव्ही असलेल्या घरांपैकी ५०.८ टक्के घरांत हा कार्यक्रम चालू होता. निम्म्याहून जास्त घरं!

पुढची घसरण कोणा एकाच्या चुकीने झाली नाही. १९८९ मध्ये एनएचकेने कोओहाकु दोन भागांचा करून संध्याकाळी लवकर सुरू केला आणि दोन्ही कार्यक्रम एकमेकांवर आदळले. प्रेक्षकांनी कोओहाकु निवडला. शिवाय स्वतःची गाणी स्वतः लिहिणारे गायक आणि रॉक बँड यांना टीव्हीवर जाऊन स्पर्धेत उभं राहणंच पसंत नव्हतं. १९९० ते १९९२ अशी तीन वर्षं तर तायशो दोन तुकड्यांत दिलं गेलं: एक पॉप-रॉकसाठी, एक कायोक्योकु (जुन्या वळणाची लोकप्रिय गाणी) आणि एन्कासाठी. एन्का म्हणजे दारूचा प्याला, बंदराचं गाव, परत न येणारा प्रियकर, आणि आवाजात मुद्दाम घेतलेला तो हेलकावा. आपल्या लावणीशी एन्काचं नातं नाही, पण लावणीच्या बैठकीला येणारा आणि एन्काच्या बारमध्ये बसणारा माणूस एकमेकांना ओळखतील असं मला नेहमी वाटतं. ते असो. आजोबांचं गाणं आणि नातवाचं गाणं एका तराजूत तोलता येईना, हे त्या तीन वर्षांत परीक्षकांनीच कबूल केलं. १९९४ मध्ये मिस्टर चिल्ड्रन या बँडच्या गाण्याला तायशो मिळालं आणि बँड सोहळ्याला आलाच नाही.

शेवटी २००६पासून सोहळा एक दिवस अलीकडे, ३० डिसेंबरला आला. २०१६ मध्ये एका साप्ताहिकाने आदल्या वर्षीच्या बक्षिसासाठी पैशांचा व्यवहार झाल्याचा आरोप छापला आणि बरीच धूळ उडाली. निवड करणाऱ्यांत वृत्तपत्रांचे प्रतिनिधी आणि टीबीएसच्या जाळ्यातल्या वाहिन्यांचे लोक असतात. त्यांच्या भोवती रेकॉर्ड कंपन्या आणि कलावंतांच्या एजन्सी वर्षभर पिंगा घालतात, हे कोणापासून लपलेलं नाही. म्हणून मी रेकोदाइला 'वर्षातलं सर्वोत्तम गाणं' म्हणून बघत नाही. टीव्हीसमोर बसणाऱ्या जपानने त्या वर्षी कुठलं गाणं आपलं मानलं, एवढं मात्र त्यातून बऱ्यापैकी कळतं. २०१९ मध्ये ते 'पाप्रिका'ला मिळालं. केन्शी योनेझुने लिहिलेलं आणि फूरिन या पाच शाळकरी मुलांच्या गटाने गायलेलं गाणं. तायशो घेणाऱ्यांत इतक्या लहान वयाचं याआधी कोणी नव्हतं. त्या वर्षी इथल्या प्रत्येक पाळणाघरात त्याच्यावर नाच बसवलेला होता. २०२०चं तायशो लिसाच्या 'होमुरा'ला, 'डीमन स्लेयर' या ॲनिमेच्या चित्रपटातलं गाणं; ते तुमच्या मुलीला मी सांगायची गरज नाही. आणि 'लायलॅक' हे २०२४चं विजेतं गाणंही मुळात एका बेसबॉलच्या ॲनिमेचं शीर्षकगीत. ज्या दारातून ती या संगीतात शिरली, त्याच दारातून हल्ली तायशोही येतंय.

आता व्हिडिओ. माझ्या पोटापाण्याचा विषय, त्यामुळे इथे थोडं रेंगाळते.

मी कामाला लागले तेव्हा इथे कोणी 'म्युझिक व्हिडिओ' म्हणत नसे. 'पीव्ही' म्हणत, म्हणजे प्रमोशन व्हिडिओ. शब्दातच लायकी ठरलेली: ही जाहिरात. जाहिरातीला कोण बक्षीस देणार? संगीतकारांच्या संघटनेचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून व्हिडिओचे पुरस्कार निघाले ते व्हिडिओ दाखवून पोट भरणाऱ्या वाहिन्यांमधून. स्पेस शॉवर ही संगीत वाहिनी १९८९ मध्ये सुरू झाली आणि १९९६पासून तिने वर्षभरातल्या व्हिडिओंना बक्षिसं द्यायला सुरुवात केली. एमटीव्हीचा जपानी सोहळा २००२ पासूनचा. त्यात चकचकाट आणि परदेशी पाहुणे जास्त. २०११च्या मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा एमटीव्हीने त्या वर्षीच्या सोहळ्याचं नाव बदलून 'व्हिडिओ म्युझिक एड' केलं; जूनमध्ये माकुहारीला तो मदतनिधीसाठी झाला आणि लेडी गागा मुद्दाम आली. परदेशी कलाकार तोक्योचे कार्यक्रम रद्द करत होते त्या दिवसांत तिचं येणं इथल्या लोकांनी मनावर कोरून ठेवलंय.

पण आमच्या टेबलांवर मान होता तो स्पेस शॉवरला. का? तिथे संकल्पना आणि कला-दिग्दर्शन अशा बाजू वेगळ्या काढून बघत. रेकोदाइमध्ये जसं संगीतकाराचं नाव घेतात, तसं इथे दिग्दर्शकाचं नाव पहिल्यांदा मोठ्याने घेतलं गेलं. २०१२ मध्ये वर्षाचा सर्वोत्तम व्हिडिओ ठरला साकानाक्शनचा 'बाख' गाण्याचा, दिग्दर्शक युसुके तानाका. गायक इचिरो यामागुची मध्ये, दोन्ही बाजूंना त्याच्यासारखेच कपडे घातलेले बाहुले, सगळे एका ओळीत, आणि तो हलला की तेही हलतात. बघताना हसू येतं, मग जरा भीती वाटते, मग परत हसू येतं. कल्पना एकच, पण शेवटपर्यंत नेलेली. जपानी व्हिडिओंचा खरा जोर यातच आहे. पैसा कमी, दिवस कमी, मग एक कल्पना धरायची आणि तिला पिळून घ्यायचं.

याचा अगदी टोकाचा नमुना म्हणजे सावर या बँडचा २००९चा 'हिबि नो नेइरो'. वेगवेगळ्या देशांतल्या चाहत्यांनी आपापल्या घरच्या वेबकॅमसमोर बसून केलेल्या हालचाली शेजारी शेजारी लावून अख्खं चित्र उभं केलंय. एकाच्या खिडकीतून चेंडू निघतो आणि दुसऱ्याच्या खिडकीत पोचतो, त्या जातीची जादू. याला सरकारच्या सांस्कृतिक विभागाच्या मीडिया आर्ट्स महोत्सवात मनोरंजन विभागाचं सर्वोच्च बक्षीस मिळालं. म्हणजे 'जाहिरात' म्हणून हिणवलेली वस्तू सरकारदरबारी कला ठरली. महामारीच्या काळात सगळ्या जगाने घरोघरी खिडक्या जोडून गाणी केली, तेव्हा आमच्यातले जुने लोक एकमेकांकडे बघून गालात हसत होते.

उलट बाजूचंही सांगायला हवं. ओके गो हा अमेरिकन बँड, पण त्यांचा २०१४चा 'आय वोन्ट लेट यू डाउन' चिबात चित्रित झाला. छत्र्या घेतलेल्या माणसांचे थवेच्या थवे, बँडचे लोक होंडाच्या एकचाकी खुर्चीवजा गाड्यांवर, आणि सगळं एका सलग शॉटमध्ये ड्रोनवरून. सह-दिग्दर्शक काझुआकी सेकी, पर्फ्यूम या गटाचे व्हिडिओ वर्षानुवर्षं करणारा. मूळ चित्रण संथ लयीवर करून नंतर वेग वाढवलाय; मुलीला पुन्हा बघायला सांगा, माणसांच्या चालण्यात किंचित झटका दिसेल. त्याला अमेरिकेच्या एमटीव्ही सोहळ्यात नृत्यदिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं.

'मग असले व्हिडिओ आम्हाला यूट्यूबवर अर्धेच का दिसायचे?' असं भारतातली मुलं मला विचारत आली आहेत. उत्तर दुकानात आहे. जपानमध्ये सीडीची 'शोकाइ गेन्तेइ' म्हणजे पहिल्या खेपेची मर्यादित आवृत्ती निघते. तिच्यासोबत डीव्हीडी, आणि डीव्हीडीवर तो व्हिडिओ. जे विकायला ठेवलंय ते फुकट कसं दाखवायचं? म्हणून यूट्यूबवर दीड मिनिटाचा तुकडा, तोही काही वेळा देशाबाहेर बंद. मी स्वतः रात्र रात्र जागून चार मिनिटांचा व्हिडिओ कापला आणि सकाळी त्याचा 'शॉर्ट' करून द्या म्हणून निरोप आला, असं कितीदा झालंय. त्याच काळात कोरियाचे लोक अख्खे व्हिडिओ जगासमोर टाकत होते. त्याचे परिणाम आपण सगळ्यांनी पाहिले. हल्ली चित्र बदललंय. स्पेस शॉवरनेही २०१६पासून पुरस्काराच्या नावातला 'व्हिडिओ' शब्द काढला आणि सगळ्या संगीताला बक्षिसं द्यायला लागले. माझ्या मते त्यात काहीतरी हरवलं. तुमची मुलगी 'व्हिडिओचे पुरस्कार तेच खरे' म्हणते, ते त्याआधीच्या वीस वर्षांबद्दल मला पटतं.

जपान गोल्ड डिस्क अवॉर्डबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रेकॉर्ड कंपन्यांची संघटना तो १९८७पासून देते, आणि तिथे परीक्षकच नसतात; आकडे मोजायचे आणि बक्षीस द्यायचं. निदान भांडण तरी नाही. पण आकडाही फसवा असतो. एकेबी४८ या मुलींच्या गायन-गटाच्या सीडीमध्ये गटातल्या मुलींच्या निवडणुकीची मतपत्रिका असे, त्यामुळे एकेक चाहता पेट्याच्या पेट्या उचलायचा. २०१२चं रेकोदाइ तायशो मिळालेलं त्यांचं 'मानात्सु नो साउंड्स गुड!' हे अशाच मतपत्रिकेसह विकलेलं गाणं. म्हणजे आकड्याने परीक्षकांचेही डोळे दिपतात. आता संघटना ऐकण्याचाही हिशेब ठेवते: १० कोटी वेळा ऐकलं गेलं की प्लॅटिनम, ५० कोटींना डायमंड.

विक्रेत्यांचा तराजू मला फार आवडतो. २००९पासून सीडीच्या दुकानांतले कर्मचारी मिळून सीडी शॉप तायशो देतात. पहिलं मिळालं सोताइसेइ रिरोन या तेव्हा छोट्या असलेल्या बँडच्या 'शिफोन शुगि'ला. काउंटरमागे उभं राहून दिवसभर गाणी ऐकणाऱ्या माणसाचा कान वेगळाच असतो. आणि २०१८ मध्ये एशियन कुंग-फू जनरेशनच्या मासाफुमी गोतोने नवोदितांच्या अल्बमसाठी ॲपल व्हिनेगर हा पुरस्कार सुरू केला. त्यात रोख रक्कम मिळते, आणि स्टुडिओचं भाडं भरणाऱ्या पोरांना ट्रॉफीपेक्षा तीच हवी असते.

आणि आता 'जपानचं ग्रॅमी' या पाटीवर खरा दावा सांगणारा नवा भिडू: म्युझिक अवॉर्ड्स जपान. संगीत व्यवसायातल्या पाच मोठ्या संघटना, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, कलावंतांच्या एजन्सी, निर्माते, प्रकाशक आणि मैफलींचे आयोजक, कधी नव्हे त्या एकत्र आल्या. पहिला सोहळा २०२५च्या २१ आणि २२ मे रोजी क्योतोत झाला. प्रवेशिका भरायची भानगड नाही, गाणी याद्यांच्या आकडेवारीवरून आपोआप येतात; मग संगीतात काम करणारे पाच हजारांहून जास्त लोक मतं देतात. परीक्षकांच्या बंद खोलीऐवजी धंद्यातल्या सगळ्यांचं मत. ६० हून अधिक बक्षिसं. सर्वोत्तम गाणं ठरलं क्रीपी नट्सचं 'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न', सर्वोत्तम कलाकार मिसेस ग्रीन ॲपल, म्हणजे पुन्हा पेढे. सुरुवात झाली यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडच्या १९७९च्या 'रायदीन'ने, नव्या पिढीच्या कलाकारांनी मिळून वाजवलेल्या. रेकोदाइमध्ये असल्या गाण्याला कधी मध्यवर्ती जागा मिळाली नव्हती, त्यामुळे माझ्या शेजारचे साठीचे साउंड इंजिनियर चष्मा काढून डोळे पुसत होते. माझी तक्रार एकच: इतकी बक्षिसं की दुसऱ्या दिवशी कोणाला काय मिळालं ते सांगता येत नाही.

मुलीला व्हिडिओंत रस आहे तर तिच्यासाठी एक नाव: काझे फुजीई या गायकाचा २०२२चा 'ग्रेस'. चित्रण उत्तराखंडात झालंय. घाट, डोंगर, गल्लीतली माणसं, रंग. परदेशी माणसाने काढलेला भारत बघताना आपण जरा सावध असतो, पण यात तो पाहुण्यासारखा वागत नाही. त्याच्या पहिल्या दोन अल्बमांची नावं 'हेल्प एव्हर हर्ट नेव्हर' आणि 'लव्ह ऑल सर्व्ह ऑल' ही सत्य साईबाबांची वचनं आहेत. शिर्डीचे नव्हेत, पुट्टपर्तीचे. नाशिककरांचा गोंधळ व्हायला नको.

बघायचं कसं, तर रेकोदाइ ३० डिसेंबरला इथल्या साडेपाचला सुरू होतो, म्हणजे तुमच्याकडे दुपारचे दोन. टीबीएस भारतात दिसत नाही, पण तायशो सगळ्यात शेवटी, रात्री दहाच्या सुमारास जाहीर होतं. तुमच्याकडे तेव्हा साडेसहा वाजायला आलेले असतील. पेढ्यांचं दुकान उघडं असतं.